पाडलेल्या वाड्यातले लोखंड आणि परवानगीची एक अट

प्रति,
मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, पुणे.



पेठेतला एखादा वाडा पाडून नवी इमारत बांधायची परवानगी आपण देता, तेव्हा त्या कागदाला अटींची लांबलचक शेपटी असते. राडारोडा कुठे टाकायचा, शेजारच्या भिंतीला टेकू कसा द्यायचा, रस्त्याच्या बाजूला पत्रे कसे लावायचे, धूळ बसावी म्हणून पाणी कसे मारायचे. त्या यादीत आणखी एक अट घालावी, एवढ्यासाठीच हे पत्र आहे. पायाच्या खोदकामात जुने लोखंड निघाले तर ते भंगारात देण्याआधी जागेवरच त्याचा फोटो काढावा, किती खोलीवर आणि कशाशेजारी निघाले ते लिहून ठेवावे, आणि ते एक पान आपल्या वारसा कक्षाकडे पाठवावे. काम थांबवा, लोखंड जप्त करा, पंचनामा करा, असे माझे काहीही म्हणणे नाही.

पत्र खुले ठेवले, कारण अट आपण घालणार असलात तरी पाळणारे दुसरेच आहेत: बिल्डर, मुकादम, जेसीबीचा चालक, वाड्याचे मालक आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले भाडेकरू. त्यांनीही हे वाचावे.

माझे आयुष्य ओतकामाच्या कारखान्यात गेले. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक गंजलेल्या वस्तूंचे फोटो मला पाठवतात आणि खाली एकच प्रश्न असतो, ‘हे काय आहे?’ फोटोत वस्तू सतरंजीवर किंवा मोटारीच्या बॉनेटवर ठेवलेली असते. घासूनपुसून काळी केलेली, कधी वर तेलही लावलेले. अशा फोटोला खरे उत्तर फार कमी वेळा देता येते. लोखंडाच्या वस्तूचे निम्मे नाव ती जिथे पडली होती तिथे असते, आणि ते ‘तिथे’ एव्हाना ट्रकमध्ये भरून गावाबाहेर गेलेले असते.

वाडा पाडताना बाकीच्या गोष्टींची काळजी बाजार घेतो. सागवानी खांब, कोरीव तुळया, महिरपी, दारे यांना गिऱ्हाईक आधीच ठरलेले असते. तांबे-पितळ मजूरही ओळखतो. नाणे किंवा मूर्ती निघाली तर दोन दिवस पेपरात बातमी येते, आणि न आली तर ती का आली नाही हेही सगळ्यांना ठाऊक असते. गंजलेले लोखंड मात्र किलोवर जाते. सकाळी निघालेले संध्याकाळी काट्यावर असते. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात त्यातले काही तुकडे पुन्हा दिसतात, पण ते कुठल्या पेठेतून, कुठल्या खड्ड्यातून आले हे विकणाराही सांगू शकत नाही.

उलट टोकाचा प्रकारही आहे आणि मला तो अधिक त्रासदायक वाटतो. निघालेल्या प्रत्येक लोखंडाचे हत्यार होते. चार आकड्यांची वस्तू दिसली की ते वाघनख. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले वाघनख साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आले, तेव्हापासून तर वाघनखांचे पीकच आले आहे. ग्रँट डफच्या घराण्याकडून गेलेले ते वाघनख हेच प्रतापगडावरचे, असे खुद्द ते संग्रहालयही छातीठोकपणे म्हणत नाही. आमच्याकडे मात्र पायाच्या चरात निघालेल्या आकड्याबद्दल कुणालाच शंका नसते. दातेरी पत्रा म्हणजे करवतीसारखी तलवार, जाड सळई म्हणजे भाल्याचा दांडा, काळा जड दगड म्हणजे उल्का. प्रत्यक्षात चार आकड्यांची ती वस्तू बहुतेक वेळा गळ असते: आडात पडलेली घागर, कळशी किंवा बादली काढायचा. दोरीला बांधून तो आत सोडत आणि आंधळेपणाने फिरवत राहत. दातेरी पत्रा घोड्याचा खरारा असू शकतो. आणि काळा, बुडबुड्यांची भोके असलेला दगड म्हणजे लोहाराच्या भट्टीतले कीट. उल्केपेक्षा मला ते अधिक मोलाचे वाटते, कारण कीट निघाले म्हणजे तिथे किंवा जवळपास कुणीतरी भाता चालवत होता. आकाशातून पडलेल्या दगडाने पेठेबद्दल काहीच कळत नाही.

आता हा ‘जागेचा’ मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण मागतो आहे ती अट त्याच्यावरच उभी आहे.

एक साधी कडी घ्या. ठोकून वळवलेली, बोटाएवढी जाड, वीतभर लांबीच्या दुपाखी खिळ्यात अडकवलेली. पडलेल्या तुळईला लागून निघाली तर ती हलकडी. तिला पाळणा किंवा झोपाळा टांगत. आतल्या बाजूने एकाच ठिकाणी घासून ती पातळ झालेली असेल तर शंका उरत नाही. तीच कडी मागच्या चौकात, नंतर घातलेल्या फरशीच्या खाली, दगडात शिसे ओतून पक्की केलेली निघाली, तर तिथे जनावर बांधत होते. शेजारी नाल, मेखा, कडियाळ्याचे तुकडे निघाले तर ते जनावर घोडा होते आणि त्या चौकात पागा होती. वाड्याच्या कागदपत्रांत तिचा उल्लेख असो की नसो. दिंडी दरवाज्याच्या चौकटीशी निघाली तर ती कोयंड्याची जोडीदार. आडाच्या तोंडापाशी निघाली तर रहाटाच्या सामानापैकी. कडी एकच, घडवणारा लोहारही कदाचित एकच. चार जागांनी तिला चार नावे दिली, आणि त्या चार नावांतून वाड्याचे चार भाग पुन्हा उभे राहिले. आता हीच कडी धुऊन सतरंजीवर ठेवा आणि मला विचारा. मी सांगेन, ‘कडी आहे.’

म्हणून वस्तू उचलण्याआधी फोटो हवा. बाजूला एखादी पट्टी, नसेल तर पेन किंवा विटेचा तुकडा ठेवला की माप कळते. जोत्याच्या किती खाली, कुठल्या भिंतीपासून किती अंतरावर, आणि सोबत काय काय. हे ‘सोबत काय’ सगळ्यांत महत्त्वाचे. लोखंडावर तारीख क्वचित असते, पण शेजारच्या गोष्टींवर असते. शिवराई निघाली तर एक गोष्ट, मंगळुरी कौलाचा तुकडा निघाला तर दुसरी. मंगळूरच्या बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ चा, म्हणजे त्या कौलासोबत, एकाच न हललेल्या थरात पडलेली वस्तू त्याच्या आधी तिथे पुरली गेली नसणार. गोटी सोड्याची बाटली १८७० च्या दशकातली कल्पना आहे, तिचा तुकडाही तेच काम करतो.

पुण्याच्या पेठांना तर थरांच्या खुणा आयत्याच मिळाल्या आहेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि नदीकाठच्या पेठांतून पाणी घुसले. वाडे कोसळले, आणि जे उभे राहिले त्यांच्या चौकांत, तळघरांत, आडांत गाळ साचला. कुठे तो काढला, कुठे त्याच्यावरच भर टाकून नवी फरशी केली. अशा जागी खोदताना गाळाचा पट्टा दिसला तर त्याच्या खालचे लोखंड १९६१ च्या आधीचे आणि वरचे नंतर तिथे पडलेले. याला ना प्रयोगशाळा लागते ना तज्ज्ञ. मुकादमाने ‘गाळाखाली’ एवढा एक शब्द लिहिला की पुरे. आगींचेही तसेच. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, बुधवारवाडा १८७९ मध्ये, आणि लहानमोठ्या आगी तर लाकडी वाड्यांच्या वस्तीत लागतच राहिल्या. कोळसा आणि भाजलेली माती यांचा थर निघाला तर त्यातले खिळे जरूर पाहा. आगीत तापलेल्या लोखंडावर काळ्या पापुद्र्याचे कवच येते आणि ते पुष्कळदा गंजाला अडवते. म्हणून जळलेल्या जागेतले खिळे साध्या मातीतल्या खिळ्यांपेक्षा चांगले टिकलेले मिळतात.

खिळ्यांबद्दल कुणी पत्र लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. वाड्याच्या लोखंडात सर्वाधिक संख्या त्यांचीच आणि सर्वांत प्रामाणिक साक्षीदारही तेच. हाताने ठोकलेला मोळा चौकोनी असतो, टोकाकडे चारही बाजूंनी निमुळता होत जातो आणि त्याच्या डोक्यावर हातोड्याच्या घावांचे पैलू दिसतात. यंत्राने पत्र्यातून कापलेल्या खिळ्याच्या दोन बाजू समांतर आणि दोनच निमुळत्या. हा एकोणिसाव्या शतकाचा माल. तारेचा गोल खिळा, आज बोहरी आळीत किलोने मिळतो तो, एकोणिसाव्या शतकाच्या उतरणीला आला आणि पुढे सगळीकडे पसरला. म्हणजे ज्या दाराला सगळे चौकोनी मोळे आहेत आणि एकाच बिजागरीला गोल खिळे, त्या दाराची ती बिजागरी नंतर बदललेली. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचे अणकुचीदार सुळे पाहायला माणसे येतात. साध्या घरच्या मोळ्याकडे कुणी पाहत नाही.

लोखंडाचा प्रकारही काळ सांगतो, आणि इथे माझ्या धंद्यातले चार शब्द लिहायची परवानगी घेतो. आपल्याकडच्या जुन्या भट्टीतून लोखंड वितळून वाहत नसे. स्पंजासारखा गोळा निघे, त्यात कीट अडकलेले असे. तो तापवून आणि ठोकून कीट पिळून काढत. सगळे कधीच निघत नसे. त्यामुळे घडीव लोखंड गंजले की लाकडासारखे रेषारेषांनी उकलते आणि मोडले तर तंतू दिसतात. बीड वेगळे. ते साच्यात ओतलेले असते, मोडले की दाणेदार करडे तोंड दाखवते, आणि दोन साचे जुळले होते तिथे बारीक शिवण राहते. वाड्यात बिडाचे नक्षीदार कठडे, खांब, ब्रॅकेट किंवा चक्री जिना निघाला तर तो पेशवाईतला नव्हे, इंग्रजी अमलातला. विलायतेत ओतून, जहाजात घालून इथे आणलेला माल तेव्हा मुंबईत उतरत होता. १८६० च्या दशकातल्या काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलचा तर सबंध सांगाडाच इंग्लंडहून आणून तिथे जोडला. ग्लासगोच्या मॅकफार्लेन कंपनीसारख्या ओतणावळींची नावे अशा कठड्यांवर ओतलेली सापडतात, गंजाखाली बोटाने चाचपली तरी लागतात. तिसरा प्रकार लाटलेल्या पोलादाचा, म्हणजे आपले गर्डर. त्यांच्या पोटावर कारखान्याचे नाव उठवलेले असते. मिडल्सबरोच्या डॉर्मन लाँगचे नाव जुन्या गर्डरवर भेटते. टाटांचे नाव असेल तर गर्डर १९१२ नंतरचा, कारण साकचीला पहिले पोलाद त्या वर्षी निघाले. कुलुपावर गोदरेज असेल तर १८९७ च्या आधीचे असणे शक्य नाही. असे एक नाव वाचता आले की सबंध मजल्याचे वय कळते. भंगारवाला पहिल्या प्रथम काय करतो, तर गॅसकटरने गर्डरचे तुकडे, आणि पुष्कळदा नावावरूनच.

ओळखायचे कुणी, हा प्रश्न आपण विचाराल. पुरातत्त्वाचे अभ्यासक आहेतच. डेक्कन कॉलेज याच शहरात आहे. पण वाड्यातल्या दोनशे वर्षांच्या लोखंडासाठी मी आधी लोहाराकडे जाईन. घिसाडी कुटुंबे अजून रस्त्याकडेला विळे-कोयते घडवतात. एखादी वस्तू कशी घडवली, कुठे जोडली, कुठल्या कामासाठी तिला एवढे टोक दिले, हे त्यांना हातात घेताच कळते. बैलगाडीच्या चाकाची धाव किती तापवून चढवत हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. शिकलगारांना पाते कशाचे हे समजते. आणि स्वयंपाकघरातली वस्तू असेल तर वाड्यातल्या सगळ्यांत वयस्कर बाईंना विचारावे. सांडशी, फुंकणी, चुलीची तिवई, विळीचे पाते, गंजून एक झालेला अडकित्ता, यांच्यापुढे हत्यारांचे संग्राहक हमखास चुकतात आणि आजीबाई चुकत नाहीत. ताडून पाहायचे असेल तर नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. काकासाहेब केळकरांनी राजेरजवाड्यांच्या तलवारींबरोबर कुलुपे, दिवे, अडकित्ते, भांडी गोळा केली, घरगुती वस्तूला तलवारीच्या बरोबरीने काचेत ठेवले. गोळा करताना त्यांना वेडे म्हणणारे असतीलच.

या सगळ्यात एक वस्तू अशी आहे जिथे माझे सांगणे उलट आहे. गोळा. लोखंडी गोळा निघाला आणि त्याला कुठे भोक, डाट किंवा बुजवलेली खूण दिसली, तर मोजमाप, फोटो, लोहार काही नको. सगळ्यांनी लांब व्हावे आणि पोलिसांना कळवावे, बॉम्बशोधक पथक येईल. मराठी कागदांत ज्यांना कुलपी गोळे म्हटले आहे ते पोकळ असत आणि आत दारू भरलेली असे. दोनशे वर्षे जमिनीत होती म्हणून ती मेली असे गृहीत धरता येत नाही. गंजाने भोक बुजून गेलेलेही असते, म्हणून पथकाने तपासेपर्यंत प्रत्येक गोळा तसाच समजावा. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची, येरवड्याची त्याच महिन्यातली. त्या बाजूला पाया खणताना हे ध्यानात ठेवलेले बरे. भरीव ठरलेल्या गोळ्याचे भय नाही. दहा सेंटिमीटर व्यासाचा भरीव बिडाचा गोळा पावणेचार किलोच्या आसपास भरतो, तेवढाच काळ्या दगडाचा दीड किलो. ठोकून केलेल्या गोळ्यावर चपटे घाव दिसतात, ओतलेल्यावर शिवण. आणि अगदी गुळगुळीत, वजनाला सव्वासात किलोच्या जवळ भरला तर शेजारी एखादी शाळा किंवा तालीम होती का ते आधी पाहावे. तो गोळाफेकीचा असेल. पेठांत तोफगोळ्यांपेक्षा तालमी जास्त होत्या.

कायद्याकडे येतो, कारण अडचण तिथेच आहे. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कुठलीही वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे, असे तो सांगतो. न कळवल्यास कैदेची तरतूदही त्यात आहे. दहा रुपये तेव्हा मोठी रक्कम होती. आज एक किलो भंगारही त्याच्या वर जाते, म्हणजे अक्षरश: पाहिले तर निम्मी पेठ गुन्हेगार ठरेल. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक मोलाच्या वस्तूंना लागू होतो. शिवाय शनिवारवाड्यासारख्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या दोनशे मीटरवर नियंत्रण, हे या भागातल्या प्रत्येक बिल्डरला तोंडपाठ असते. या सगळ्याचा त्याने काढलेला अर्थ एकच: काही निघाले असे कुणाला कळले की काम बंद. मग मुकादमाला सूचना जाते, आणि ती तोंडीच असते.

बिल्डरला दोष देणे सोपे आहे. मी देत नाही. कर्जाचे व्याज रोज चढते, भाडेकरूंना पर्यायी जागेचे भाडे द्यावे लागते, आणि सगळ्यांनाच वाटते की लवकर पुरे व्हावे. भाडेकरूंनी तर गळक्या छताखाली, टेकू दिलेल्या भिंतीशेजारी वर्षे काढली आहेत. त्यांना जुन्या कडीचे कौतुक सांगायला जाणाऱ्याने आधी त्यांच्या जिन्यावरून एकदा चढून दाखवावे. म्हणूनच आपल्याकडून लेखी हवे आहे की रोजच्या वापरातल्या लोखंडाची नोंद दिली म्हणून महापालिका काम थांबवणार नाही. नाणी, मूर्ती, ताम्रपट यांचे नियम आहेत तसे राहू देत, जिल्हाधिकाऱ्यांचा अधिकारही राहू दे. कड्या-कोयंडे, मोळे, बिजागऱ्या, नाल, गळ, गर्डर यांच्यासाठी मात्र ‘नोंद म्हणजे स्थगिती नव्हे’ हे वाक्य परवानगीच्या कागदावर छापलेले हवे. ते वाचले की लपवायचे कारण जाते.

खोदकामातून मोठे काही हाती लागल्याची उदाहरणे राज्यात आहेत. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडावर गेल्या शतकाच्या चाळिशीत जुन्या काशाच्या वस्तू निघाल्या, त्यांत रोमन जगातून आलेली पोसायडनची लहानशी मूर्ती होती. मग १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन केले. ती मूर्ती आज कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात आहे. लोखंडाच्या बाबतीत तर विदर्भाने आपल्याला मागे टाकले आहे. नागपूरच्या आसपासच्या शिळावर्तुळांत, माहुरझरीला, टाकळघाट-खाप्याला, घोड्यांची दफने आणि त्यांच्यासोबत लोखंडी लगाम, कुऱ्हाडी, छिन्न्या मिळाल्या. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच मिळाली, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची. ते लगाम लगाम आहेत हे कशावरून कळले? घोड्याच्या कवटीपाशी होते म्हणून. कुणी ते आधी उचलून धुतले असते तर आज ती फक्त वाकडी सळई असती.

जुने सगळे जपलेच पाहिजे अशा मताचा मी नाही. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातल्या निकामी तोफा लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिल्या आणि किर्लोस्करवाडीच्या भट्टीत त्या वितळून नांगर झाले. फार चांगले झाले. लोखंडी नांगराने जमीन नासते असे म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना त्या नांगरांनी उत्तर दिले. भट्टीला माझा विरोध नाही, आयुष्यभर मी तिच्यातच भंगार घातले. नोंद न करता घालू नये, एवढेच.

ज्यांना एखादी वस्तू ठेवून घ्यायची आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. जमिनीतल्या लोखंडात क्षार मुरलेले असतात. बाहेरची हवा लागली की गंज थांबत नाही, उलट वेग धरतो, आणि सहा महिन्यांत पापुद्रे सुटून वस्तूचा चुरा होतो. म्हणून नळाच्या पाण्याने धुऊ नका, लिंबू-चिंच-ॲसिड लावू नका, तारेच्या ब्रशने घासू नका, ग्राइंडर तर मुळीच नको. पुष्कळदा आतले लोखंड संपलेले असते आणि वस्तूचा खरा आकार गंजातच उरलेला असतो. चुंबक चिकटत नाही म्हणून फेकून देऊ नका, पूर्ण गंजलेल्या लोखंडाला तो चिकटतोच असे नाही. कोरडी माती मऊ ब्रशने झाडावी. दांड्याच्या भोकात लाकडाचे, पात्यावर कापडाचे ठसे गंजात उतरलेले असतात, ते तसेच राहू द्यावेत. हवाबंद डब्यात, औषधांच्या किंवा बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या घालून वस्तू ठेवावी. चिठ्ठीही डब्यातच, वेगळ्या पिशवीत.

आयुक्त महोदय, नोंदीचे पान कसे असावे तेही लिहितो. वाड्याचा घरांक आणि पेठ. तारीख. जोत्यापासून खोली, फुटांत चालेल. वाड्यातली जागा: दार, चौक, स्वयंपाकघर, आड, हौद, तळघर, बळद, माहीत नाही. सोबत काय निघाले. थर कसला: राख, गाळ, भर, मुरूम. दोन फोटो, एक जागेचा आणि एक पट्टीसह वस्तूचा. ‘ही वस्तू काय असावी’ असा रकाना मात्र ठेवू नका, नाहीतर सगळीकडे वाघनखेच येतील. ओळख पटवण्याचे काम नंतर, सवडीने, लोहार आणि अभ्यासक एका टेबलाशी बसून करतील. पान मराठीतच असावे आणि मोबाइलवरून पाठवता यावे. जोते तपासायला आपला अभियंता जातोच, त्याने तेव्हा एवढेच विचारावे: पान भरले का? ‘काही निघाले नाही’ असे लिहिलेले पानही चालेल, कोरे चालणार नाही.

कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, सोमवार, या पेठांत पुनर्विकासाच्या पाट्या लागलेले वाडे आहेत आणि पावसाळा उलटला की पाडकामे सुरू होतील. त्याआधी ही अट परवानगीच्या कागदावर यावी, ही विनंती. आणि ज्यांच्या वाड्याला पाटी लागली आहे त्यांनी या अटीची वाट पाहू नये. आड बुजवलेला असेल तर तो कधी आणि कशाने बुजवला, पागा कुठे होती, न्हाणीघर कुठे होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून एका कागदावर नकाशा काढावा आणि जेसीबी येईल त्या दिवशी तो मुकादमाच्या हातात द्यावा.

कळावे,
आपला,
पेठेतला एक रहिवासी